सदर ओढा गैरहजर

प्रति,
मा. ओढा (नाव नोंदीत नाही),
मुक्काम: डोंगराच्या पायथ्यापासून मुळा नदीपर्यंत, मधल्या सर्व गटांतून,
तालुका मुळशी, जिल्हा पुणे.

विषय: नियोजित बिझनेस पार्कसंदर्भात आपण मुदतीत हरकत दाखल न केल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयान्वये कळवण्यात येते की, आपल्या अंगावर येऊ घातलेल्या बिझनेस पार्कची सुनावणी गेल्या महिन्यात पार पडली. आपलं नाव पुकारलं गेलं नाही, कारण ते यादीत नव्हतं. आपणही आला नाहीत, कारण मे महिना होता. मे महिन्यात आपण कुठे असता हा आपला खाजगी प्रश्न आहे. पण पाहण्या, मोजण्या आणि सुनावण्या उन्हाळ्यातच उरकतात, एवढं तरी आपल्यासारख्या जुन्या रहिवाशाला ठाऊक असायला हवं होतं.

आता ही भाषा सोडतो. तुला ‘आपण’ म्हणताना माझं मलाच हसू येतं. अंगावर चड्डी नसायची त्या वयापासून तुझ्यात डुंबलोय. वलगणीचे मासे धरायला रात्री कंदील घेऊन तुझ्याच काठाने चाललोय. तेव्हा हे घरचं पत्र समज. खुलं आहे, इतकंच.

नोटीस आली तेव्हा तुला कोणी सांगितलं नाही, हे खरं. पण सांगितलं तर आम्हालाही नव्हतं. वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, हरवलेल्या शेअर सर्टिफिकेटची जाहिरात आणि एका फ्लॅटच्या टायटलची नोटीस यांच्या मधोमध ती बारीक टायपात बसली होती. अमुक गट नंबर ते तमुक गट नंबर, शेती विभागातून वगळून औद्योगिक विभागात समाविष्ट करण्याचे प्रस्तावित आहे, हरकती-सूचना एक महिन्याच्या आत. आमच्या किराणावाल्याने त्या पानात शेंगदाणे बांधून दिले, म्हणून मला कळलं.

कायदा सभ्य आहे, त्याला नावं ठेवू नकोस. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966. शेतीचा विभाग बदलायचा तर राजपत्रात छापा, पेपरात द्या, लोकांचं म्हणणं मागवा, ऐकून घ्या, मगच मंजूर करा. पण हरकत घ्यायला तू आधी ‘व्यक्ती’ असावा लागतोस. इथेच तुझं घोडं पेंड खातं. मार्च 2017 मध्ये उत्तराखंडच्या उच्च न्यायालयाने गंगा आणि यमुनेला कायदेशीर व्यक्ती ठरवलं होतं. जुलैत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. साक्षात गंगेला व्यक्ती म्हणून जेमतेम साडेतीन महिने मिळाले; तुला तर तालुक्याबाहेर कोणी ओळखत नाही.

तू कोणाचा, ते मात्र लिहिलेलं आहे. त्याच 1966 सालचा दुसरा कायदा, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता. तिच्या विसाव्या कलमानुसार नद्या, ओढे, नाले, तळी, आणि दुसऱ्या कोणाचं नसलेलं सगळं वाहतं-साठलेलं पाणी सरकारचं. म्हणजे तू सरकारी मालमत्ता, आणि हरकती ऐकणारंही सरकारच. तू अर्ज केला असतास तरी मालकाने आपल्याच मालमत्तेचं गाऱ्हाणं आपणच ऐकून आपणच निकालात काढलं असतं. तुझा हेलपाटा वाचला.

आणि हरकती घेऊन काय होतं, तेही तू पाहिलं आहेस. आपल्या भागाचा नवा विकास आराखडा 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यावर 60 हजारांहून जास्त हरकती आल्या. लोकांनी रजा टाकल्या, झेरॉक्सवाल्यांची पोरं इंजिनिअरिंगला गेली, महिनोन् महिने सुनावण्या चालल्या. 2025 मध्ये आराखडाच रद्द झाला. म्हणून तर आपण अजून 1997 च्या प्रादेशिक आराखड्यात राहतो आणि तोच तुकड्या-तुकड्याने बदलत नेतो. जुन्या सदऱ्याला ठिगळं लावावीत तसं. फक्त इथे ठिगळ सदऱ्यापेक्षा महाग असतं.

बरं, सुनावणीचं ऐक. साहेब सौम्य होते. खोलीत पंखा होता, फिरतही होता. माझ्या आधी एका काकांचा नंबर होता. त्यांचं म्हणणं, नियोजित रस्ता माझ्या गोठ्यातून जातो, तो जरा सरकवून भावाच्या गोठ्यातून न्यावा. भाऊ मागच्याच बाकावर बसला होता, त्याचा अर्ज नेमका उलटा. दोघांनी येताना एकाच रिक्षाचे पैसे निम्मे-निम्मे दिले होते. मग मी उभा राहिलो.

“तुमची जमीन बाधित होते?”

“नाही. ओढा होतो.”

“ओढा तुमच्या नावावर आहे?”

“नाही साहेब.”

“मग तुम्ही बाधित कसे?”

“पावसाळ्यात होतो.”

साहेबांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं. ‘अर्जदार पावसाळ्यात बाधित होतात.’ नोकरीत मी पस्तीस वर्षं टिपणं लिहिली, इतकं नेमकं वाक्य माझ्या हातून कधी उतरलं नाही.

मी पिशवीतून वडिलांचं खरेदीखत काढलं. चतुःसीमेत स्वच्छ लिहिलंय: पूर्वेस गाडीवाट, पश्चिमेस अमक्याची जमीन, दक्षिणेस वाहता ओढा. ‘वाहता’ हा शब्द वाचताना मी आवाज जरा चढवला. साहेब म्हणाले, ती सीमा झाली, प्रवाह नव्हे. शेजारी बसलेल्या प्रकल्पाच्या सल्लागाराने लॅपटॉप वळवून ड्रोनचा फोटो दाखवला. एप्रिलमधला होता. त्यात तू भेगाळलेल्या पायासारखा पडला होतास, मलाच पटकन ओळखू आला नाहीस. त्याच्या अहवालात लिहिलंय, प्रकल्पाच्या हद्दीत कोणताही महत्त्वाचा जलप्रवाह नाही. एक हंगामी घळ आहे.

हंगामी! या न्यायाने आंबाही हंगामी, शाळाही हंगामी, आणि आमदार तर पाच वर्षांचा हंगामी.

त्या सल्लागाराचा राग करू नकोस. गुणी पोरगा आहे. बाहेर चहा पिताना त्याने मला सगळं नीट समजावून सांगितलं. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेत खाणीला, धरणाला जनसुनावणी आहे, इमारतींच्या प्रकल्पांना तिच्यातून सूट आहे. म्हणजे पर्यावरणाची मंजुरी लागते, पण तुझ्याबद्दल गावाला विचारावं लागत नाही. नियमाप्रमाणे ओढ्यापासून 9 मीटर सोडायचे. मी म्हटलं, मग सोडा. तर तो म्हणाला, काका, पुढचं वाचा. सखल जमिनीतून जाणारा आणि धड काठ नसलेला प्रवाह असेल, तर प्राधिकरणाच्या परवानगीने तो वळवता येतो. आणि तुझे काठ, बाबा, धड नाहीत.

ते कोणी घालवले, हे मी त्याला सांगितलं नाही. तुला सांगायला हरकत नाही, तुला माहीतच आहे. वरच्या आळीने बंगल्यांच्या पायाचा राडारोडा तुझ्यात लोटला. ग्रामपंचायतीने दोन्ही अंगांनी भराव टाकून व्यायामशाळा बांधली. आणि 2011 मध्ये मी कंपाउंडची भिंत घातली तेव्हा गवंडी म्हणाला, चार फूट पुढे घेऊ का, पाणी काय बोलणार आहे. मी म्हटलं, घे. त्या भिंतीला टेकूनच हे पत्र लिहितोय. सातबाऱ्यावर तुझं पात्र आमच्या पोटखराब्यात धरलंय, म्हणजे जिच्यात पीक येत नाही अशी जमीन. पोटखराबा कमी झाला की शेतकऱ्याला बरं वाटतं, त्यात काही मोठं पाप आहे असं आम्हाला कधी वाटलंच नाही. मग गुंठ्याचा भाव फुटला, आणि पोटखराबा हा शब्दच गावातून गेला.

तुझी सोय त्यांनी केली आहे बरं का. 900 मिलिमीटरचा पाइप. त्यातून तू शिस्तीत जायचंस, पार्किंगच्या खालून, कोणाच्या डोळ्यांवर न येता. आणि वर, प्रवेशद्वारापाशी, वॉटर फीचर आहे. म्हणजे कारंजं, काळे दगड, त्यांवरून झुळझुळ पाणी, संध्याकाळी निळे दिवे. पंपावर चालणार. ओढा काढून तिथे ओढ्याचा देखावा ठेवण्याचं बजेट तुझ्या पाइपापेक्षा जास्त आहे, हे मी स्वतः तक्त्यात पाहिलं.

मी त्या पोराला एक हिशेब घातला. एका हेक्टरवर 100 मिलिमीटर पाऊस पडला की 10 लाख लिटर पाणी होतं, 10 हजार लिटरचे 100 टँकर. यांची जागा 40 एकर, म्हणजे 16 हेक्टर. एका जोरदार दिवसाचे 1600 टँकर. डोंगरावरून येणारं वेगळं. आजवर ते पाणी आंबेमोहराच्या खाचरांत थांबायचं. बांधाच्या आत वीतभर उभं राहायचं, निम्मं जिरायचं, उरलेलं बांधाच्या तोंडातून खालच्या खाचरात, तिथून आणखी खालच्या, आणि तुझ्यापर्यंत पोचेस्तोवर त्याचा जोर ओसरलेला असायचा. तू कधी दांडगाई केली नाहीस त्याचं श्रेय तुझ्या स्वभावाला नव्हतं, त्या बांधांना होतं. खाचराच्या जागी काँक्रीट आलं की सगळे टँकर एकदमच सुटणार. पोराने मान डोलावली. म्हणाला, काका, तुमचा मुद्दा व्हॅलिड आहे, पण टर्म्स ऑफ रेफरन्समध्ये नाही. आणि जाता जाता विचारलं, इथे उन्हाळ्यात टँकर कितीला मिळतो?

तुझे थोरले नातलग कसे वागले, ते फायलीत कुठेच नाही, म्हणून मी आठवण करून देतो. मिठीताईला मुंबईत कोणी नदी म्हणतच नव्हतं. विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला काटकोनात वळवलं, तिच्या मुखापाशी खाजणात भर घालून वांद्रे-कुर्ला संकुल उभं केलं; देशातला मानाचा बिझनेस पार्क तो. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईला एकदम कळलं की आपल्याकडे नदी आहे. मग चौकशीला चितळे समिती नेमली. पुण्यातला आंबिल ओढा तर तुझ्याच जातकुळीचा. तो नानासाहेब पेशव्यांनीच वळवला होता, पुढे सोसायट्यांनी चेपला. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री तो कात्रजकडून जुन्या वाटा शोधत आला आणि माणसं घेऊन गेला. त्यातली बरीचशी अशी, की ज्यांनी ना नकाशा काढला होता ना भराव घातला होता. यावर मला विनोद सुचत नाही. शेजारची हिंजवडी तर बघायला लांब जायला नको. जून 2025 मध्ये रस्त्यांचे ओढे झाले, लॅपटॉपवाली मुलं पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून चालली, आणि मग कुठे ओढे नेमके कुठून जात होते याचा शोध सुरू झाला.

तर माझी विनंती एवढीच की, तू असलं काही करू नयेस. येताना कळवून ये. शनिवार-रविवारी आलास तर बरं, कचेऱ्या बंद असतात. बेसमेंट तीन मजली आहे. आधी तिसऱ्यात जा, तिथे व्हिजिटर्स पार्किंग आहे. आणि माझ्या भिंतीपाशी येशील तेव्हा, जुन्या ओळखीखातर, चार फूट आतून जा. तेवढी जागा मी तुझीच घेतली आहे, हे आता या खुल्या पत्रात कबूलच केलंय, त्यामुळे तुला पुरावाही मिळाला.

सुनावणीचा अहवाल वर गेला आहे. त्यात तुझ्या नावापुढे, म्हणजे नाव नाही म्हणून ‘सदर ओढा’ यापुढे, शेरा आहे: गैरहजर. हरकत नाही असे गृहीत धरण्यात आले.

कळावे, लोभ आहेच.

तुझा,
दक्षिणेची सीमा हरवलेला एक खातेदार

ता. क. पत्र टाकायचं कुठे, हा प्रश्न पडला. पोस्टमन म्हणाला, पिनकोड आहे पण घर नंबर नाही. काल मृगाचा पाऊस झाला आणि तुला पहिलं गढूळ पाणी आलं, तेव्हा या पत्राची होडी करून नातवाच्या हातून तुझ्यात सोडली. साइटच्या रस्त्यासाठी त्यांनी मंजुरीआधीच मोरी घातली आहे, दोन नळ्यांची. होडी तिथवर नीट गेली. नळ्यांच्या तोंडाशी वेफर्सची पाकिटं, एक पॅरागॉनची चप्पल आणि ‘नियोजित प्रकल्पाची जागा’ असा उखडलेला बोर्ड अडकला होता. तिथे तू थांबलास. मग हळूहळू वर चढलास, आणि होडी घेऊन रस्त्यावरूनच पलीकडे गेलास.