चांगले टायर फेकणाऱ्या वेड्याची स्तुती

आमच्या सोसायटीतल्या एका काकांना सगळे वेडे म्हणतात. गेल्या महिन्यात त्यांनी गाडीचे चारही टायर बदलले, शिवाय एकदाही रस्ता न पाहिलेली स्टेपनी. गाडी जेमतेम अठरा हजार किलोमीटर धावलेली, नक्षी भरपूर. टायरवाला म्हणाला, "काका, अजून दोन वर्षं आरामात काढतील." काकांनी ऐकलं नाहीच, उलट, ते टायर पुढे कुणाच्या गाडीला लागू नयेत म्हणून समोर उभं राहून साइडवॉल कापून घेतल्या. विकले असते तर चार पैसे आले असते. मला या वेडाची मनापासून स्तुती करायची आहे.

सगळे नक्षी बघतात. काका टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचतात. त्यांच्या टायरांवर ३०१४ होतं : २०१४ सालचा तिसावा आठवडा. कारच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर हवी, असा नियम आहे. पण नक्षी झीज सांगते, वय सांगत नाही. रबर उन्हाने, हवेतल्या ऑक्सिजनने, ओझोनने आतून कडक होत जातं. त्याला तडे जाऊ नयेत म्हणून कारखान्यात मिसळलेली द्रव्यं टायर फिरताना, वाकताना पृष्ठभागावर येतात. म्हणजे उभ्या गाडीचं रबर जपलं जातं ही समजूतच उलटी. मग एखाद्या दुपारी, कमी हवेने तापलेल्या टायरचे आतले पोलादी पट्टे रबरापासून सुटतात. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने जाताना ते सुटले, तर सावरायला वेळ कुठला?

सप्टेंबर २०१२ मध्ये इंग्लंडमधल्या सरे परगण्यात एका बसचा पुढचा टायर फुटला. तिघं गेले. त्यांतला मायकल मोलॉय अठरा वर्षांचा होता. टायर १९ वर्षांहून जुना. नक्षी मात्र कायद्यात बसणारी! मायकलची आई फ्रान्सिस मोलॉय वर्षानुवर्षं झगडली, तेव्हा कुठे १ फेब्रुवारी २०२१ पासून ब्रिटनमध्ये बस-ट्रकच्या पुढच्या चाकांना दहा वर्षांवरचे टायर लावायला बंदी आली. त्या आईचा हट्ट आठवला की काकांचं वेड मला फार मोलाचं वाटतं.

कितव्या वर्षी बदलावेत? पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणत्याकडून तपासून घ्यावेत आणि दहाव्या वर्षी, कितीही चांगले दिसोत, काढावेत, असं मोठे टायर उत्पादकच सांगतात. स्टेपनीसुद्धा त्यात आली. बारीक तडे किंवा फुगवटा दिसला, तर वर्षं मोजत बसू नये.

काल रात्री मी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकलो. पूर्ण आकडे बहुधा टायरच्या एकाच बाजूला असतात. माझ्या दोन चाकांना ते आतल्या बाजूला निघाले. स्टेपनीचे पाहायला डिकी रिकामी करावी लागेल. रविवारी सकाळी काकांना खाली बोलावलंय.