जिन्यातल्या दिव्याचे तीन धनी

जिन्याच्या पायथ्याशी लावलेला दिवा वर पोचल्यावर मालवता यावा, या साध्या गरजेतून ज्या जोडणीचा जन्म झाला, तिला तांत्रिक अभ्यासक्रमात जिन्याचे वायरिंग आणि वायरमनच्या बोलीत नुसते ‘टू-वे’ म्हणतात. साध्या बटणाला दोन टोके असतात आणि ते फेज, म्हणजे वीज घेऊन येणारी तार, जोडते किंवा तोडते. टू-वे बटणाला मात्र तीन टोके असून त्यांपैकी ‘कॉमन’ नावाच्या टोकाशी आलेली वीज ते उरलेल्या दोहोंपैकी एकाकडे वळवते, आणि ही दोन टोके खालच्या बोर्डापासून वरच्या बोर्डापर्यंत दोन तारांनी सांधलेली असतात. दोन्ही बटणांनी एकच तार निवडली की दिवा लागतो आणि निवड भिन्न झाली की विझतो.

या रचनेची थोरवी तिच्या अज्ञानात आहे. साधे बटण खाली दाबलेले दिसले की दिवा चालू असावा असे भारतात निःशंकपणे समजले जाते, परंतु टू-वे बटणाकडे कितीही वेळ निरखून पाहिले तरी दिव्याविषयी काडीचाही बोध होत नाही, कारण दिव्याची अवस्था एका बटणात नसून दोघांच्या संबंधात असते. एकाच विहिरीवर सारखा हक्क असलेल्या दोन भाऊबंदांप्रमाणे ही बटणे एकमेकांचा निर्णय विनातक्रार उलटवत राहतात; फरक इतकाच की येथे कोर्टकचेरी होत नाही. क्लॉड शॅनन यांनी १९३७ साली एमआयटीतील आपल्या प्रबंधात रिले आणि स्विचांची मंडले जॉर्ज बूल यांच्या बीजगणिताने मांडता येतात हे दाखवले, आणि त्या बीजगणितात ज्याला ‘एक्झॉर’ म्हणतात ते कृत्य, म्हणजे दोहोंचे जुळते की नाही एवढेच पाहणे, जिन्यातली बटणे प्रबंधाचे पानही न उलटता करीत आली आहेत.

या सुखी संसारात मोबाईल हा तिसरा धनी शिरतो, आणि त्याला सर्व काही ठाऊक असावे लागते. स्मार्ट बल्ब हा त्याच्या प्रवेशाचा सर्वांत सोपा मार्ग दिसतो खरा, पण बल्बच्या पोटातल्या वायफायला अखंड वीज लागत असल्याने भिंतीवरचे बटण कोणी दाबले की बल्ब विझतोच, शिवाय बेशुद्धही पडतो. म्हणून अशा घरांत बटणावर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी सेलोटेपने चिकटवलेली आढळते. जिन्यात बटणे दोन असल्याने चिठ्ठ्याही दोन लागतात.

म्हणून जाणकार बोर्डाच्या मागे सुमारे चार सेंटीमीटर लांबीरुंदीचे रिले मोड्यूल बसवतात. त्याला स्वतःला जगण्यासाठी न्यूट्रल, म्हणजे विजेची परतीची तार, हवी असते. पंखा आणि प्लग असलेल्या मोठ्या बोर्डात ती प्लगच्या निमित्ताने आलेली असते, परंतु जिन्यातल्या एकट्या बटणाच्या पेटीत ती बहुधा नसतेच. पुस्तकात फेज लाल, न्यूट्रल काळी आणि अर्थिंग हिरवी असते. भिंतीत मात्र काम झाले त्या दिवशी वायरमनच्या पिशवीत जे वेटोळे शिल्लक होते त्याचा रंग असतो. टेस्टरने शोध घ्यावा, तर दोन बटणांमधल्या जोडतारांपैकी मोकळी तारही शेजारच्या जिवंत तारेच्या संगतीने टेस्टर मिणमिणता पेटवते आणि शोधकाला भलत्याच निष्कर्षाप्रत नेते.

न्यूट्रल सापडली की दुसऱ्या बटणाच्या कॉमनमधून दिव्याकडे जाणारी तार काढून ते कॉमन मोड्यूलच्या ‘इनपुट’ला, म्हणजे हुकूम ऐकण्याच्या टोकाला देतात व दिवा मोड्यूलच्या ताब्यात जातो. यानंतर ॲपमध्ये एक प्रश्न विचारला जातो, ज्याचे उत्तर बहुतेक लोक न वाचताच देतात: मोड्यूलने बटणाची स्थिती पाळावी की केवळ बदल मोजावा? स्थिती पाळण्याचा पर्याय शिस्तप्रिय वाटतो आणि तोच घात करतो, कारण मोबाईलवरून दिवा मालवल्यावरही बटणांचा हुकूम ‘चालू’ असाच राहतो, पुढे जिन्यात आलेला माणूस बटण दाबतो तेव्हा हुकूम ‘बंद’ असा होतो, आणि आधीच बंद असलेला दिवा मोड्यूल निष्ठेने बंदच ठेवते. अंधारात उभ्या असलेल्या व्यक्तीला आज्ञापालनाचे हे उदाहरण कौतुकास्पद वाटत नाही. ती पुन्हा बटण दाबते, दिवा लागतो, आणि बटण खराब झाल्याची वार्ता घरभर पसरते. बदल मोजण्याच्या पर्यायात मात्र बटण कोठूनही कोठेही गेले तरी दिवा आपली अवस्था पालटतो. थोडक्यात, बटणांना त्यांचे जुने अज्ञान परत मिळते; त्यासाठी एक प्रोसेसर, एक वायफाय आणि एक पासवर्ड एवढाच खर्च येतो.

भारनियमनाची व्यवस्था वेगळी लावावी लागते, कारण वीज परतल्यावर दिव्याने लागावे, बंद राहावे की पूर्वस्थितीत यावे हेही सांगून ठेवावे लागते, आणि ‘लागावे’ हा पर्याय तसाच राहिला तर पहाटे तीनला लाईट आल्याची बातमी सर्व खोल्यांना एकदमच कळते.

न्यूट्रलच नसेल तर वरच्या मजल्यावर बिनतारी बटण चिकटवण्याचा तोडगा निघतो. त्यात घड्याळातल्यासारखा चपटा सेल असतो आणि तो संपल्याचे ज्ञान अंधारातच होते. हे बटण लावताना वायरमन त्या दोन जोडतारा कापून टाकत नाही, त्यांच्या टोकांना काळी इन्सुलेशन टेप गुंडाळून त्या पेटीत परत कोंबतो, आणि ‘आता यांचं काय काम?’ असे घरधन्याने विचारल्यास स्क्रू पिळता पिळताच सांगतो, ‘असू द्या काका, लागतील.’