तानपुऱ्याला मीडियम साइज नसते

वेबसाइटच्या प्लॅनवर जी किंमत मोठ्या अक्षरांत लिहिलेली असते, तेवढ्यात तो प्लॅन मिळत नाही. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तानपुरे बनवणाऱ्या एका मित्रासाठी मी इकडे साताऱ्यात बसून हे प्लॅन पाहतो आहे आणि माझा संताप दिवसेंदिवस वाढतो आहे. समजा, 'महिना १९९ रुपये' असे लिहिले आहे. हा दर तीन वर्षांचे पैसे एकदम मोजणाऱ्यालाच लागू असतो, म्हणजे ७,१६४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी चढला की सुमारे ८,४५४. ज्याला खरोखरच दरमहा भरायचे आहेत, त्याचा दर बराच चढा. डोमेन पहिल्या वर्षी फुकट. दुसऱ्या वर्षी त्याचे किती पडतील, ते तळाशी बारीक अक्षरांत. मुदत संपली की पैसे आपोआप कापले जातात. १५ हजारांपर्यंतच्या अशा वर्गणीला दर वेळी ओटीपी लागत नाही, फक्त आदल्या दिवशी एक मेसेज येतो. दिवसभर हातात पटाशी असलेल्या कारागिराने तो पाहिला नाही, तर वर्षाचे पैसे गेले.

फुकटचा प्लॅन घ्यावा, तर पत्त्यात कंपनीचे नाव आणि पानावर कंपनीची जाहिरात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. त्या वाद्याच्या फोटोखाली दुसऱ्याची जाहिरात मला नको आहे.

मग 'दुकाना'चा महागडा प्लॅन पाहिला. त्यात वस्तूची माहिती भरायचे रकाने तयार असतात: रंग, साइज स्मॉल, मीडियम, लार्ज. तानपुरा घेणारा असे काही विचारत नाही. गायकाला काळी एकचा हवा असतो, गायिकेला काळी पाचचा. तारा चार की पाच, भोपळा केवढा, जवारी कशी लागली आहे, हे तो विचारतो. भोपळे येतात मंगळवेढा-पंढरपूरकडून. ते शेतात वाढतात, त्यामुळे एकासारखा दुसरा नसतो आणि वाद्यही एकासारखे दुसरे होत नाही. शिवाय 'शिल्लक किती' हा रकाना भरावाच लागतो. काम ऑर्डर आल्यावर सुरू होते, म्हणून तिथे शून्य लिहिले, तर पानावर झळकते: 'माल संपला'. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला धंदा बंद पडल्यासारखा दिसतो.

सगळ्यात जास्त राग मात्र मथळ्यांचा येतो. तयार नमुन्यांत मथळ्याच्या अक्षरांमध्ये मुद्दाम अंतर सोडलेले असते. इंग्रजीला ते शोभते. देवनागरीत शिरोरेषेचे तुकडे पडतात, 'मिरज' हा शब्दही सलग राहत नाही. काही ठिकाणी हे अंतर काढायला स्वतःचा कोड घालावा लागतो आणि ती मुभा वरच्या प्लॅनमध्येच असते. म्हणजे मराठी नीट दिसावी म्हणून मराठी माणसाने जास्त पैसे मोजायचे. हे मला मुळीच मान्य नाही.

मित्राला मी दुकानाचा प्लॅन नको म्हणून सांगितले आहे. तानपुऱ्याचे गिऱ्हाईक फोनवर बोलल्याशिवाय, आवाज ऐकल्याशिवाय पैसे देत नाही. आणि द्यायचे ठरले की यूपीआय आहेच. त्याला हवे स्वतःचे डोमेन, चार चांगले फोटो, प्रत्येक वाद्याचे छोटे रेकॉर्डिंग आणि फोन नंबर. डोमेन मात्र स्वतःच्याच नावावर, स्वतःच्याच ईमेलवर घ्यावे. साइट करून देणाऱ्या पोराच्या खात्यावर असले, तर तो पुण्याला नोकरीला गेला की आपला पत्ताही त्याच्याबरोबर जातो.

किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे, न मागितलेली वस्तू बिलात घालणे, वर्गणी बंद करणे अवघड करून ठेवणे, या गोष्टींना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्येच मनाई केली आहे. मनाईच्या यादीत असे १३ प्रकार आहेत. तुमच्या बिलात यातले काही दिसले, तर पैसे गेले म्हणून गप्प बसू नका. बिलाचा फोटो ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा.