टाळूभर तेल

मानवशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्यात कागदावर एकाच अक्षराचं अंतर आहे. आमच्या धनजच्या पारावर तेवढंही उरत नाही. पुण्यात मानवशास्त्र शिकायला गेलो आणि पहिल्या सुट्टीत गावी आलो, तेव्हा ‘पोट्टं लोकाच्या मनातलं ओयखाले शिकून राह्यलं’ ही बातमी कारंज्याहून येणाऱ्या एसटीच्या आधीच पोचलेली होती. संध्याकाळी शेजारचे काका आपल्या मुलाला बखोटीला धरून घेऊन आले आणि ‘याच्या डोकस्यात काय हाय ते पाय बरं’ म्हणून त्याला माझ्यापुढे बसवलं. आम्ही डोक्याच्या आतलं पाहत नाही, डोकं बाहेरून मोजतो, हे मी त्यांना हळूच सांगितलं. काकांनी घटकाभर विचार केला. ‘त्याच्यासाठी पुण्याले गेलता?’ एवढंच म्हणाले आणि मुलाला, न मोजताच, परत घेऊन गेले.

तसा हा विषय आठवडी बाजारासारखा. एका पालाखाली हाडं, दुसऱ्याखाली लग्नं, तिसऱ्याखाली देव, आणि सगळ्यांची हाक एकाच वेळी कानावर येते. सोमवारी इथिओपियात १९७४ साली सापडलेला ल्युसीचा सांगाडा. वय सुमारे ३२ लाख वर्षं आणि नाव बीटल्सच्या गाण्यावरून; बारशाला इतका उशीर दुसऱ्या कुणाच्या झाला नसेल. मंगळवारी ट्रोब्रिअँड बेटांवर जाऊन राहिलेला मानवशास्त्रज्ञ मॅलिनोव्हस्की. तिथले लोक जीव धोक्यात घालून होड्या हाकतात, लाल शिंपल्यांच्या माळा एका दिशेनं आणि पांढरी कंकणं उलट दिशेनं बेटाबेटांतून फिरवतात, आणि कुणीच त्या स्वतःजवळ फार दिवस ठेवत नाही. वर्ग थक्क झाला. मला मात्र आमच्या पेटीतला एक हिरवा ब्लाउजपीस आठवला. आमच्याकडून तो मूर्तिजापूरला आहेरात गेला, तिथून दारव्ह्याला, आणि तिसऱ्या वर्षी हळदीच्या त्याच डागासकट आमच्या दारी परत आला. आईनं त्याची घडीसुद्धा मोडली नाही. त्यानं जन्मात कधी सुई पाहिली नसावी.

पण मला खरी भुरळ घातली ती कॅलिपरनं. बैलाच्या शिंगांसारखे आत वळलेले त्याचे दोन बाहू डोक्याच्या दोन्ही बाजूंना हलकेच टेकवायचे, मधल्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. रुंदीला लांबीनं भागून शंभरानं गुणायचं. उत्तर ७५च्या खाली आलं तर माणूस लंबशिरस्क, ८०च्या वर गेलं तर पृथुशिरस्क. माझं ८१ आलं. पृथुशिरस्क ही पदवी मिळताच मी थोडा ताठ बसलो. घराण्यात आजवर कुणाला एवढा भारदस्त शब्द लागला नव्हता. पुढे ग्रंथालयात हर्बर्ट रिस्ली भेटला. १९०१च्या जनगणनेचा हा आयुक्त नाका-डोक्यांच्या मापांवरून अवघ्या हिंदुस्थानची वंशावळ मांडायला निघाला होता. मराठी मुलखातली रुंद डोकी पाहून तो अडखळला, आणि ती कुठून आली हे सांगण्यासाठी त्यानं थेट मध्य आशियातून शकांना बोलावलं. आम्हाला ‘शक-द्रविड’ ठरवलं. तो सबंध उन्हाळा मी शकांच्या तोऱ्यात काढला. ज्याला सायकलवरसुद्धा धड बसता येत नाही, त्याच्या कवटीत घोडेस्वार दौडत होते.

आजीला मी हे सगळं कौतुकानं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ‘कोन शक?’ तिनं विचारलं. मग सुपावरची नजर न काढता म्हणाली, ‘हे डोकस म्या केलं गोल. जलमला तवा नारयासारखं लांबट होतं. सवा महिना टाळू भरला, तेल लावू लावू दाबलं, मोहरीच्या उशीवर निजवलं, तवा हे रूप आलं.’ रिस्लीचे घोडे धनजच्या वेशीवरच थांबले. एका तळहातानं आणि वाटीभर तेलानं त्यांना परत पाठवलं होतं.

सेमिस्टरच्या शेवटी फ्रान्झ बोआस अभ्यासाला आला. न्यूयॉर्कमधल्या सुमारे १८ हजार माणसांची मापं घेऊन त्यानं १९११ साली दाखवून दिलं की स्थलांतरितांच्या अमेरिकेत जन्मलेल्या मुलांची डोकी आईबापांसारखी राहत नाहीत. डोक्याचा आकार वंशाच्या दगडावर कोरलेला नसतो. आणि आपल्या इरावती कर्वे. त्या बर्लिनला ऑयगेन फिशरच्या हाताखाली कवट्या मोजत होत्या. युरोपीय कवट्यांच्या दोन बाजू इतरांपेक्षा जास्त असमान असतात, अशी गुरूंची समजूत. बाईंनी मोजून सांगितलं, वंशाशी त्याचा काही संबंध दिसत नाही. जर्मनीत, त्या काळी, गुरूला तोंडावर! थोडीफार वाकडी सगळीच असतात.

पुढच्या सुट्टीत कॅलिपर सोबत आणला. आजीनं पदर मागे घेतला. ज्या डोक्यात सगळ्या गावाची सोयरीक मावली होती, ते माझ्या दोन ओंजळींत मावेल एवढं लहान निघालं. केस इतके विरळ की कॅलिपरला कुठे अडचण आली नाही. ‘हलू नको,’ मी म्हणालो. कधीकाळी हे तीच मला म्हणत असणार. आकडा आला ७३. ‘तुझं काहून लांब राहिलं?’ ती हसली. ‘आमी सात बहिनी. इतक्याइचे टाळू कोन भरन?’

मग तिचा हात आपसूक माझ्या डोक्यावर आला आणि उजव्या कानामागे किंचित सपाट जागी थांबला. ती जागा मला कॅलिपरनं कधी दाखवली नव्हती. ‘इथं जराकसं राह्यलं. तुह्या आत्याचं लगन निंगालं, आठ रोज हात नाही लागला.’

प्रात्यक्षिकाच्या वहीत अगदी उजवीकडे ‘शेरा’ असा एक अरुंद रकाना असतो. तो नेहमी कोराच जातो. माझ्या नावापुढे मी त्यात बारीक अक्षरात लिहिलं: आत्याचं लग्न, आठ दिवस.