द्रविडवाल्या

2001 च्या सुमारास कुठल्याही वर्गात सचिनचे भक्त पैशाला पासरी मिळत. द्रविडवाल्या मात्र दोनच, आणि त्याही एकाच बाकावर. सचिन आवडणं म्हणजे वरणभात आवडणं, त्यात स्वतःची आवड ती काय? द्रविड कळावा लागतो, असं त्या नाक वर करून सांगत. त्याने चेंडू सोडला तरी टाळ्या वाजवत.

आता एका राहुलमध्ये दोघींनी नांदायचं कसं? तर रीतसर वाटणी झाली होती. कसोटीतला राहुल एकीचा, वनडेतला दुसरीचा. कसोटीवालीचा तोरा जास्त, कारण कोलकात्याचे 180 तिच्या खात्यावर. त्याच डावात 281 काढणाऱ्या लक्ष्मणबद्दल ती "साथ बरी दिली हो त्यानं" एवढंच म्हणे. पुढे वनडेत राहुल विकेटकीपिंगही करू लागला, तेव्हा वनडेवालीने उट्टं काढलं, "बघ, पडेल ते काम करतो. संसाराला असाच लागतो."

त्याचे वडील जॅमच्या कंपनीत होते, म्हणून संघात त्याला 'जॅमी' म्हणतात, हे कळल्यापासून दोघींच्या डब्यात रोज पोळी-जॅम. भाजी मधल्या सुट्टीत कुणाच्याही नशिबी जाई.

मे 2003 मध्ये त्याचं लग्न झालं. एखादी नटी असती तर दोघींनी सोसलं असतं. पण वधू नागपूरची, डॉ. विजेता पेंढारकर!

"म्हणजे मराठी मुलगी चालत होती!" कसोटीवालीने हंबरडा फोडला.

"चालत होती, पण डॉक्टर झालेली," आई मेथी निवडता निवडता म्हणाली. "दहावीला सायन्सला किती पडतायत तुला, बघू."

कात्रणांची वही माळ्यावर गेली. यापुढे त्याचं नावही काढायचं नाही, अशी शपथ झाली.

डिसेंबरात अ‍ॅडलेडला त्याने षटकार मारून शतक गाठलं आणि शपथ मोडली. राहुल आणि षटकार! पहिल्या डावात 233, दुसऱ्यात नाबाद 72. 1981 नंतर ऑस्ट्रेलियात भारताने जिंकलेली ही पहिली कसोटी. वाटणीप्रमाणे सगळा ऐवज कसोटीवालीचा. तरी वनडेवालीचा फोन आलाच.

"233 तुला ठेव. नाबाद 72 मला दे."

"कसोटी आहे ती."

"मग उद्या केमिस्ट्रीचं जर्नल मागायला येऊ नकोस."

जरा वेळाने कसोटीवाली म्हणाली, "चाळीस घे."