सहकुटुंब, एक माणूस वगळून

पाली म्हटलं की परगावच्या माणसाचे हात आपोआप जोडले जातात. "म्हणजे बल्लाळेश्वराची ना?" असं तो विचारतो. बल्लाळेश्वराची पाली रायगडात, सुधागड तालुक्यात. आमची पाली रत्नागिरीची, लक्ष्मीपल्लीनाथाची. हे सांगितल्यावर जोडलेले हात थोडे सैल होतात आणि पुढचा प्रश्न येतो, "मग तिथे बघण्यासारखं काय?" याला आमची आजी ठरलेलं उत्तर देते, "तिठा."

आजी थट्टा करत नसते. हातखंब्याकडून आलेला मुंबई-गोवा महामार्ग पालीवरून लांजा-राजापूरकडे उतरतो आणि इथूनच कोल्हापूरचा रस्ता फुटून नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढतो. आमचं सगळं गणगोत या तीन रस्त्यांवर वाटून बसलं आहे. रत्नागिरीकडे आत्या, राजापूरकडे आईचं माहेर आणि घाट चढून गेलं की मलकापूरला मावशी. मुंबईचे चुलते यात धरायचे नाहीत. त्यांच्याकडे आम्ही जात नाही, तेच गणपतीला आणि मे महिन्यात येतात. महामार्गाचा आकडा मध्यंतरी १७ चा ६६ झाला, दोन पदरांचे चार व्हायला निघाले, पण पाहुण्यांच्या दिशा काही बदलल्या नाहीत.

अशा जागी राहणाऱ्या घराने खरं तर सारखं फिरतीवर असायला हवं. प्रत्यक्षात लग्नाच्या पत्रिकेवर 'सहकुटुंब सहपरिवार' असं छापलेलं दिसलं की आमच्या घरात पहिला प्रश्न असतो, मागे कोण राहणार? भात पाऊण एकर, थोडं वरकस आणि कातळाच्या कडेने हापूसची आणि काजूची कलमं. ऐकणाऱ्याला वाटावं, एवढ्याशा शेतीला कुलूप लावून निघायला काय हरकत आहे? पण छोटी शेती अंथरुणाला खिळलेल्या थोरल्या माणसासारखी असते. दिवसभर तिला कोणी विचारलं नाही तरी चालतं, मात्र घरात कोणीतरी आहे एवढं तिला कळावं लागतं.

त्यातून आमच्याकडे गाय आहे. ती लहानखुरी, तांबूस आणि डोंगर चढण्यात पटाईत. वर्षानुवर्षं तिच्यासारख्या गाईंना सगळे नुसतं 'गावठी' म्हणत. २०१८ साली कोकण कपिला या नावाने या जातीची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली. त्याच वर्षी कोकणातल्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. एका वर्षात घरातल्या दोघांचा सरकारी सन्मान झाला, बाकीच्यांचा अजून व्हायचा आहे.

सन्मानाचा परिणाम असेल किंवा मूळचा स्वभाव, पण ही गाय काकूशिवाय कोणाला दूध देत नाही. ओळखीचा हात कासेला लागला की गाईच्या शरीरात एक संप्रेरक सुटतं आणि पान्हा फुटतो. परका माणूस बसला आणि गाय बिचकली की दूध कासेतच अडतं, असं पशुवैद्यक सांगतात. काकू याला नखरे म्हणते, पण म्हणताना तिचा चेहरा पाहावा. आपल्यावाचून कोणाचं तरी अडतं, हे सुख घरातल्या माणसांनी तिला फारसं दिलेलं नाही. एका लग्नाच्या वेळी वडिलांनी काकूचं लुगडं नेसून गाईजवळ बसण्याचा प्रयोग केला. दूध निघालं नाही. वासरू तेवढं लांबून बघत राहिलं.

म्हणून काकू मुक्कामाला जाऊ शकत नाही. वानरं बागेत उतरण्याच्या दिवसांत वडील जाऊ शकत नाहीत, कारण त्यांच्या आरोळीला वानरं घाबरतात, असा त्यांचा समज आहे. वानरांचा तसा समज असल्याचं दिसत नाही. भात पसवलं की रानडुकरांसाठी रात्री जागायला काका लागतो. त्यामुळे लग्नाच्या फोटोंत आमचं पूर्ण कुटुंब कुठेच सापडत नाही. प्रत्येक फोटोत कोणीतरी एक गळलेलं. नव्या सुनेला बरेच दिवस वाटत होतं, की काकू आणि वडिलांचं पटत नाही, म्हणून ते एका कार्याला एकत्र येत नाहीत.

कोणी जायचं हे गाय ठरवते, तसं कधी जायचं हे नक्षत्रं ठरवतात. मृग लागला, की पेरलेला तरवा वर येईपर्यंत आणि पुढे लावणी होईपर्यंत घराबाहेरचं जग बंद. या दिवसांत पाहुणा आलाच तर त्याचं स्वागत होतं, चहा होतो आणि मग त्याला पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडायला सांगितलं जातं. लावणी आटोपली की दोन दिवसांची फट सापडते. तेवढ्यात आई माहेरी जाऊन येते. पुढे गौरी-गणपती. तेव्हा जाणं नाही, येणंच. भाऊबीज नेमकी कापणी-झोडणीच्या मध्यावर येते. हळवं भात दसऱ्याच्या सुमारास तयार होतं, गरवं दिवाळीच्या आगेमागे, आणि परतीचा पाऊस कोणाच्याच पंचांगात नसतो. आत्या वडिलांना ओवाळायला दरवर्षी शेताच्या बांधावर येते. निरांजन वाऱ्यावर टिकत नाही, म्हणून काका सुपाचा आडोसा धरून उभा राहतो. ताटात काय पडलं, याकडे आत्याचं लक्ष नसतं. तिची नजर उडव्याकडे, यंदा भाताला उतारा कसा आहे याच्याकडे.

ती नजर उगाच जात नाही. पाहुण्यांकडे जाण्याचा तिसरा आणि सर्वांत मोठा नियम म्हणजे रिकाम्या हाताने जायचं नाही. आमची सगळी शेती, नीट पाहिलं तर, या एका नियमावर उभी आहे.

ताजा पैसा म्हणावा तसा तिच्यातून निघत नाही. मजुरी, खत, फवारणी आणि कलमांच्या राखणीचा खर्च वजा जाता हाती जे उरतं, त्याला वडील 'शिल्लक' म्हणतात आणि मुंबईचा काका 'छंद' म्हणतो. पण पिशवीचा हिशोब वेगळा. मलकापूरच्या मावशीकडे जाताना आमसुलं, कोकमाचं आगळ, फणसपोळी, कुळथाची पिठी, आठळ्या आणि सुके काजूगर. परत येताना त्याच पिशवीतून कोल्हापुरी गूळ, शेंगदाणे, ज्वारी आणि तिखटाचा डबा. आत्याकडे नवा तांदूळ जातो आणि आगोटीच्या आधी तिच्याकडून सुकी मासळी येते, म्हणजे मिरकरवाडा बंदरातला उन्हाळा आमच्या माळ्यावर येऊन बसतो. आईच्या माहेराहून सुपाऱ्या, केळीची मुनवं आणि तक्रारी. शेतात न पिकणाऱ्या निम्म्या वस्तू आमच्या घरात अशा येतात आणि त्यांची पावती कुठेच फाटत नाही.

या देवघेवीत मापं कडक असतात, फक्त कोणी बोलत नाही. गेल्या खेपेला मावशीने गूळ वाढवून दिला, म्हणजे यंदा काजूगर वाढवून न्यायचे. काजूगर वाढले म्हणून ती पुढच्या वेळी काकवीची बाटली घालते. ही चढाओढ माझ्या जन्माआधीपासून चालू आहे आणि बरोबरी अजून झालेली नाही. झाली तर काय होईल याची मला भीतीच वाटते, कारण देणं-घेणं फिटलं की जायला निमित्त राहत नाही.

हापूसचं मात्र जपून. उत्तम फळ पेटीत जातं, डागी फळ घरी खाल्लं जातं आणि मधलं पाहुण्यांना, असा वडिलांचा शिरस्ता. आजीला तो मंजूर नाही. ती पहाटे उठून अढीतले निवडक आंबे पाहुण्यांच्या पिशवीत भरते आणि पेटीत मधले सरकवते. दोघांच्याही वर बसलेला तिसरा पंच म्हणजे साका. वरून निर्मळ, पिवळाधमक आंबा कापला की आत पांढरट, आंबूस गर निघतो. हा दोष हापूसचाच. बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून घराण्याची अब्रू दरवर्षी पणाला लागते. मलकापूरला एकदा नेमका व्याह्यांसमोर साका निघाला. ती गोष्ट अजून लग्नाच्या बैठकीत निघते. तेव्हापासून आजी सोबत रायवळही बांधून देते. रायवळाची कोणी ऐट करत नाही, त्यामुळे त्याला पडायची भीती नाही.

एसटीत या सगळ्यांत मोठा मान फणसाचा. त्याला पिशवीत घालता येत नाही, मांडीवर घेता येत नाही आणि पायाशी ठेवला तर आंबा घाटातल्या पहिल्याच वळणावर तो स्वतंत्र प्रवास सुरू करतो. कंडक्टर तिकीट फाडायच्या आधी विचारतो, "कापा की बरका?" कापा म्हटलं तर त्याचा सूर मऊ होतो. साखरप्यापर्यंत निम्म्या गाडीला कळलेलं असतं की हा फणस कोणाकडे चालला आहे, तिथे कोणाचं काय आहे आणि गेल्या वर्षी तो का आला नव्हता.

ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला आणि आमच्या घराचं गणित उलटंपालटं झालं. आजीने आयुष्यभर 'गाडीभाड्याला पैसे कशाला' म्हणून टाळलेली सगळी नाती बाहेर काढली. आईच्या मावससासूची नणंद लांज्याला आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं. मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट झालं, तशी आईही सोबत निघू लागली. वडिलांना अजून पूर्ण तिकीट पडतं. त्यामुळे मागे कोण राहणार, हा प्रश्न आता फार वेळ चर्चेत राहत नाही.

या फेऱ्यांतून बागही वाढली. १९९० मध्ये रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली तेव्हा वडिलांनी कातळाच्या कडेला खड्डे मारले. हापूसची कलमं त्या योजनेतली. बाकीची झाडं मात्र पाहुणचारातली. वेंगुर्ला-४ काजूचं कलम मामाने दिलेलं, जायफळ आत्याच्या दिराकडचं, काळ्या मिरीचा वेल एका बारशाहून आलेला. आमच्या बागेत चालताना झाडांची नावं कोणी घेत नाही. "मामाला पालवी आली," "आत्याच्या दिराला कीड लागली," "बारशाला पाणी घातलंस का?" असं चालतं. नवखा माणूस ऐकून चक्रावतो.

मुंबईच्या काकाला हे सगळं गोड वाटतं, पण पटत नाही. तो हिशोबी माणूस आहे. मे महिन्यात ओटीवर बसून, ओल्या काजूची उसळ खाऊन झाल्यावर त्याने कागद-पेन मागवलं. महामार्गामुळे जमिनीला भाव आला आहे. विकून पैसे बँकेत ठेवले, तर शेतीच्या शिल्लकीपेक्षा व्याज कितीतरी जास्त येतं. त्याने आकडे मांडून दाखवले. आकडे चोख होते. वडील गप्प झाले, कारण ते बरोबर आहेत हे त्यांनाही दिसत होतं. काकू उठून गोठ्यात गेली.

आजीने फक्त सातबारा काढायला सांगितला.

आमचा सातबारा कोकणातल्या बहुतेक सातबाऱ्यांसारखाच सामाईक आहे. त्यावर गुंठ्यांपेक्षा नावं जास्त. पणजोबांपासूनच्या वारसांची रांग, त्यात मुंबईचे, पुण्याचे, एक बडोद्याचा. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला, त्यामुळे आत्याही आल्या. घराण्याची वंशावळ कोणाला हवी असेल, तर आम्ही तलाठ्याकडे पाठवतो.

"विकायची तर यातल्या सगळ्यांच्या सह्या लागतील ना रे?" आजीने विचारलं.

"लागतील," काका म्हणाला.

"मग सगळ्यांकडे जाऊन यावं लागेल. फोनवर कोणी सही देत नाही."

"जाऊ की."

"आणि रिकाम्या हाताने कसं जायचं? जमिनीचं बोलायला जाणार, तर मान ठेवून जायला हवं."

काकाने मान डोलवली. यंदाची आमसुलं अजून उन्हात होती, फणसपोळ्या सुपांवर वाळत होत्या, काजू फोडायचे राहिले होते. नवा तांदूळ दिवाळीनंतरचा. एवढ्या घरांना पुरेल असा ऐवज एका हंगामात होणं कठीण, हे आकडेमोड न करताही काकाला कळलं. शेवटी असं ठरलं की विक्रीला हरकत कोणाचीच नाही, पण आधी पीक हाती येऊ दे.

जाताना काकाने कागद घडी करून खिशात ठेवला आणि वडिलांना सांगितलं, की बडोद्याचं घर मोठं आहे, त्यांच्यासाठी पुढच्या वर्षी वरकसातही थोडा कुळीथ जास्त टाक.