ऑफसेटनाना

लग्नाला गेले की नाना मांडवात शिरण्याआधी पार्किंगमध्ये एक चक्कर मारून येतात. आले की चेहरा उतरलेला. शेजारी टेकतात आणि हळूच सांगतात, "नवरदेवाच्या गाडीची चाकं बाहेर आलीत, भो. बेअरिंग किती दिवस तग धरणार?" एवढं बोलून झालं की मग शांतपणे अक्षता टाकायला उठतात.

मूळचे अमळनेरकडचे. हजिऱ्याच्या पोलाद कारखान्यात मेन्टेनन्सला लागले आणि इच्छापोरला बिऱ्हाड केलं. सुरतेतला बहुतेक खान्देश उधना-लिंबायतला दाटीवाटीने राहतो. नाना तापी ओलांडून अलीकडे आले ते पहिल्या शिफ्टला वेळेवर पोहोचता यावं म्हणून. सगळी नोकरी बेअरिंगं, शाफ्ट आणि व्हर्नियर यांच्या संगतीत गेली. निवृत्तीनंतर बाकीचे लोक देवळात जातात, नाना रविवारी टायरच्या दुकानात जातात. काही विकत घ्यायचं नसतं. त्यांच्या स्वतःच्या गाडीला कंपनीने दिलेली लोखंडी रिमं आहेत. वरच्या चार कव्हरांपैकी तीन शिल्लक आहेत आणि ती केबल टायने बांधलेली आहेत.

दुकानात नवीन अलॉय घ्यायला आलेला पोरगा भिंतीवरची डिझाईनं बघत असतो. त्याला काळं हवं असतं, मध्ये लाल पट्टी असली तर उत्तम. नाना मागून विचारतात, "ऑफसेट काय?" पोरगा दुकानदाराकडे बघतो. दुकानदार छताकडे बघतो.

मग नाना स्टूल ओढून घेतात आणि गावाकडचं धाब्याचं घर उभं करतात. "भिंत हातभर जाड. त्या जाडीत दाराची चौकट बरोबर मधोमध बसवली तर ऑफसेट शून्य. रस्त्याच्या अंगाला सरकवली तर पॉझिटिव्ह, घराच्या अंगाला घेतली तर निगेटिव्ह. भिंत म्हणजे रिमची रुंदी आणि चौकट म्हणजे रिम हबला जिथे टेकतं ती जागा. समजलं?" पोरगा मान हलवतो. "काही समजलं नाही तुला. अरे, गाडीचा हब हलत नाही! चौकट जागच्या जागी. मग ऑफसेट कमी केला की सरकणार कोण? भिंत! ती येणार थेट रस्त्यावर."

हे सगळं बरोबर आहे, हीच नानांची खरी अडचण. चुकीचं बोलणाऱ्या माणसाला हसून वाटेला लावता येतं. नानांचा आकडा मात्र मिलिमीटरला पक्का असतो, आणि आपल्या छोट्या गाड्यांचा ऑफसेट साधारण 35 ते 50 पॉझिटिव्ह असतो हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. चाक फार बाहेर गेलं की खड्ड्यात स्टिअरिंग हाताला हिसका देतं, बेअरिंगवर जादा जोर येतो. फार आत गेलं की सस्पेन्शनला घासतं. हे ऐकून गिऱ्हाईक घाबरतं आणि 'घरी विचारून येतो' म्हणून जातं. नानांची स्कूटर लांबून दिसली की दुकानदार हल्ली शटर अर्धं खाली ओढतो. नाना वाकून आत येतात.

गेल्या श्रावणात उधन्याचा भाचा गाडी घेऊन आला. कानबाईच्या रोटांना गावी जायचं होतं आणि जुन्या चाकांवर गावात शिरणं त्याला कमीपणाचं वाटत होतं. त्याने पसंत केलेलं रिम होतं 7 जे, ईटी 25, म्हणजे सात इंच रुंद आणि ऑफसेट 25 मिलिमीटर. मूळ रिमच्या पाठीवर कोरलेलं होतं 5.5 जे, ईटी 45.

दुकानदार त्या दिवशी तयारीत होता. नवीन रिम त्याने पोत्यावर पालथं घातलं, मागच्या कडेवर सळई आडवी ठेवली आणि सळईपासून हबच्या बैठकीपर्यंत टेप सोडली. "बॅकस्पेसिंग पाच इंच." मग जुनं रिम तसंच मोजलं. "आ पण पाच! नाना, बेसी जशे, टेन्शन ना लो."

भाच्याने मामाकडे विजयी मुद्रेने पाहिलं. मी तर नाना हरले असंच धरून चाललो.

नानांनी खिशातून पेन काढलं आणि पंक्चरच्या पावतीपुस्तकाच्या पाठीवर लिहायला घेतलं. "पाच इंच ते आतल्या अंगाचं. चौकटीपासून घरापर्यंत. त्याचं मोजमाप खरं आहे, आत एक मिलिमीटर मोकळीकच वाढते. पण रिम दीड इंच रुंद झालं. आत गेलं नाही, तर ते गेलं कुठे? रुंदीचे अर्धे 19, ऑफसेट घटला त्याचे 20. एकोणचाळीस! चाक 39 मिलिमीटर बाहेर."

"मामा, बाहेर आलं तरच भारी दिसतं."

"दिसेल ना. कोंडाईबारीच्या घाटात सगळ्यांना दिसेल."

हजिऱ्यापासून निघणारा 53 नंबरचा राष्ट्रीय महामार्ग नवापूर टाकल्यावर हा घाट चढून धुळ्याकडे जातो. नानांच्या लेखी भारतात तयार होणाऱ्या प्रत्येक चाकाची परीक्षा तिथेच होते, आणि तीही गाडीत बायका-पोरं, डिकीत गहू आणि टपावर गादी असताना. रिकाम्या गाडीवर केलेलं फिटिंग ते मानत नाहीत.

म्हणून त्यांनी नव्या चाकांची एक जोडी मागे चढवायला लावली आणि घरी फोन केला. पाच मिनिटांत काकू डब्यात मळलेली कणीक घेऊन आल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, म्हणजे हे पहिल्यांदा होत नव्हतं. नानांनी गुडघे टेकून फेंडरच्या आतल्या ओठावर कणकेची बोटभर वळी लावली, अंगठ्याने दाबून बसवली, वरून तेलाचा हात फिरवला. मग माणसं गोळा केली. मागच्या सीटवर काकू, मी आणि शेजारचे मिठाईवाले. मिठाईवाल्यांची निवड वजनावर झाली होती. पुढे दुकानदाराचा पोऱ्या, सुकाणूवर भाचा.

हजिरा रोडला ट्रेलरच्या रांगेतून आम्ही एक फेरी मारली. गतिरोधकावर गाडी आपटली तेव्हा मागून फर्र असा आवाज आला. मिठाईवाल्यांनी खाली मान घातली. भाचा म्हणाला, "काही नाही, खडा असेल."

परत आलो तर वळी मधोमध कापलेली होती, आणि टायरच्या खांद्यावर कणकेचा पांढरा पट्टा गोल फिरला होता. नानांनी उरलेली कणीक अलगद सोडवली, व्हर्नियरच्या जबड्यात धरली, चष्मा कपाळावर सरकवला. कुणी काही विचारलं नाही. कापलेल्या जागी मोजायला कणीकच उरली नव्हती.

दुकानदाराने मग तेच डिझाईन ईटी 45 मध्ये दाखवलं. नाना म्हणाले, "आता 19 बाहेर आणि 19 आत. काकू, कणीक आहे का अजून?" काकूंनी डब्याचं झाकण लावलं.

शेवटी कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक सेट निघाला. 6 जे, ईटी 45. दोन्हीकडे जेमतेम सव्वासहा मिलिमीटर. चारी बोल्ट जुळले. रिमचं मधलं भोक मात्र हबपेक्षा मोठं, म्हणून नानांनी मध्ये बसवायची कडी मागून घेतली. नुसत्या बोल्टांवर चाक टांगलेलं त्यांना खपत नाही. पुन्हा सगळे गाडीत बसले, पुन्हा गतिरोधक झाला. आवाज नाही. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून झालं. तरीही आवाज नाही.

भाच्याने पैसे मोजले, चार पावलं मागे सरकला आणि गाडीकडे बराच वेळ बघत राहिला.

"मामा," तो रडवेल्या आवाजात म्हणाला, "हे तर कंपनीच्याच चाकांसारखं दिसतं."

नानांना जन्मात कुणी एवढी दाद दिली नव्हती.